शून्यावर संपणारे आकडे

दंतवैद्याने हिरडीत सुई टोचून त्यांना बाहेरच्या बाकावर आणून बसवलं, त्याला नऊ मिनिटं झाली होती. खालचा ओठ गेला होता, गाल गेला होता, जिभेची डावी कड अजून शिल्लक होती. आणि ही सावकाश होणारी वजावट तोळे मोठ्या आस्थेने न्याहाळत होते, कारण एखादी गोष्ट कमी होताना पाहण्याचा योग त्यांच्या आयुष्यात क्वचितच आला होता. तोळे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सरकारी विमान कारखान्यातल्या वजन विभागाचे ते गेली एकोणीस वर्षं मुख्य आणि बहुतेक काळ एकुलते एक कर्मचारी होते. नव्या लढाऊ विमानात जाणारी प्रत्येक वस्तू, रिबिटापासून खुर्चीपर्यंत, काट्यावर चढवायची आणि तिची नोंद ठेवायची हे त्यांचं काम. त्यात प्रकृतीही तोळामासा. कुणीतरी केव्हातरी मारलेली हाक अशी चिकटली की नवी मुलं त्यांना तोळेकाका म्हणत आणि पाकिटावरही तेच लिहीत. तर समोरच्या बाकावरच्या माणसाने वर्तमानपत्र उघडलं, आणि त्याच्या मागच्या पानावर तोळ्यांना दोन रकाने दिसले. वर मथळा होता, 'घ्यायचं की करायचं?' डाव्या रकान्यावर 'आपलं' आणि उजव्यावर 'त्यांचं'. वेग, उंची, पल्ला, आणि चौथ्या ओळीत रिकाम्या विमानाचं वजन. आपलं सहा हजार पाचशे किलो. त्यांचं सहा हजार आठशे.

"बघितलंस?" वर्तमानपत्रवाला शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाला, "आपलं तीनशे किलोने हलकं आहे, तरी ह्यांना बाहेरूनच आणायचंय. घरची कोंबडी ती."

"त्यांचं जड आहे तर मजबूत असेल," बायको म्हणाली. तिचाही गाल सुजलेला होता आणि तिला हा विषय आत्ता नको होता.

तोळ्यांनी तोंड उघडलं. आवाजाऐवजी लाळेची एक तार निघून शर्टाच्या खिशावर उतरली. त्यांनी ती रुमालाने टिपली आणि पुन्हा त्या दोन आकड्यांकडे पाहिलं. खटकलं ते वजन नव्हे, खटकली ती शून्यं. आकड्याच्या टोकाला दोन-दोन शून्यं, जुळ्या मुलांसारखी नटवून उभी केलेली. एकोणीस वर्षांत तोळ्यांनी काही लाख वस्तू तोलल्या होत्या, आणि काट्यावर चढलेली वस्तू शून्यांवर येऊन थांबते हे त्यांनी इतक्या कमी वेळा पाहिलं होतं, की तसं झालं तर ते काटा बिघडला की काय म्हणून पुन्हा तपासत. मोजलेला आकडा शेपटीशी वाकडाच असतो. शून्यावर संपतो तो सांगितलेला आकडा. आणि आपल्या विमानाचा खरा आकडा त्यांना माहीत होता. गेल्या गुरुवारी बंद हँगरमध्ये तीन काट्यांवर तीन चाकं चढवून त्यांनी स्वतः तो उतरवून घेतला होता: सहा हजार नऊशे सदतीस. तो कागद त्यांच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात होता, आणि त्यावर अजून एकच सही होती.

आत बोलावणं आलं. खुर्ची मागे कलली, दिवा तोंडावर आला, आणि दंतवैद्याने चिमट्याने दाढ धरून हलवायला सुरुवात केली. दुखत नव्हतं, फक्त आवाज ऐकू येत होता, दुसऱ्याच्या घरी कपाट सरकवल्यासारखा. तोळे विचार करत होते की हे साडेसहा हजार प्रथम म्हणालं कोण. सगळ्या फायलींत तो आकडा होता; पहिल्या प्रस्तावात होता, मंजुरीत होता, संसदेतल्या उत्तरात होता, आणि एखाद्या जुन्या घराण्यातल्या मूळ पुरुषाला जसे आईबाप नसतात तसं त्याच्या मागे काहीच नव्हतं. दंतवैद्य म्हणाला, "मूळ वाकडं आहे, थोडा वेळ लागेल." आणि त्याच क्षणी तोळ्यांना जिना दिसला. कारखान्याच्या जुन्या इमारतीचा, लोखंडी कठड्याचा जिना. ते तेव्हा एकतीस वर्षांचे होते, काखेत फाईल, एका हातात कप आणि दुसऱ्या हातात बशी, आणि वरून घाईघाईने उतरणारे मोठे साहेब. साहेबांना खाली मंत्र्याचा फोन आला होता. "काय रे, रिकामं साधारण किती भरेल आपलं?" चहा हिंदकळू नये एवढ्याच चिंतेत असलेला तो तरुण म्हणाला होता, "साडेसहा हजार धरा, साहेब." धरा. हा धरा खालच्या पायरीपर्यंतही टिकला नाही. टंकलेखनात त्याच्या जागी 'अंदाजे' आलं, तिसऱ्या प्रतीत जागा पुरेना म्हणून 'अंदाजे' गेलं, आणि उरला तो आकडा. पंख, चाकं, आसन, काही म्हणजे काही तेव्हा कागदावरदेखील नीट नव्हतं. पाण्यात म्हैस होती, आणि बाहेर उभं राहून तिचं वजन सांगितलं होतं ते दुसऱ्या कुणी नव्हे, यांनीच.

"आली," दंतवैद्य म्हणाला आणि त्याने रक्ताळलेली दाढ ट्रेमध्ये टाकली. "बघायचीय?"

तोळ्यांनी मान हलवली. दाढ कागदात बांधून घेतली. कापसाचा बोळा दातांखाली दाबून धरायचा आणि दोन तास बोलायचं नाही, असं दंतवैद्याने बजावलं. एवढी पथ्यावर पडणारी सूचना तोळ्यांना आजवर कुणी दिली नव्हती. ते तसेही फारसे बोलत नसत. रस्त्यात निम्मं तोंड आपलं आणि निम्मं परकं घेऊन ते बसच्या रांगेत उभे राहिले, आणि त्यांना वाटलं की एकोणीस वर्षं आपण इतरांना रागे भरत आलो. ब्रेकवाल्यांनी दोन किलो जास्त लावले, तारावाल्यांनी चिमटे हिशेबात धरले नाहीत, रंगवाल्यांनी दुसरा हात मारला. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की तोळेकाका, एवढ्याने काय होतंय, थेंबाने तळं भरतं का. त्या सगळ्या थेंबांच्या नोंदी आपण केल्या, आणि ज्या रिकाम्या भांड्यात ते मोजले त्या भांड्याचं मापच आपण जिन्यात ठोकून दिलेलं होतं. या विचाराने त्यांना लाज वाटायला हवी होती. लाज वाटलीही, पण तिच्याखाली काहीतरी कडक लागलं. चिखलात पाय रुतत रुतत एकदम फरशी लागावी तसं.

कारखान्यात शिरताच डाव्या हाताला मोठं हँगर होतं आणि त्यात पाहुणं विमान उभं होतं. परदेशी कंपनीने ते चाचण्यांसाठी पंधरा दिवस पाठवलं होतं. त्याच्याभोवती सुती दोर, खाली स्वच्छ गालिचा, आणि दारात पहारा. त्याची ही बडदास्त पाहून कारखान्यातली सगळी माणसं त्याला जावई म्हणत. स्वतःच्या विमानाला ती बाब्या म्हणत, कारण आपला तो बाब्या. बाब्या पलीकडच्या हँगरमध्ये उभा होता, एका पंखाचं झाकण काढलेलं, खाली तेल टिपायला पत्र्याचा डबा. त्याचं वजन केलं त्या गुरुवारी तोळ्यांनी नेहमीप्रमाणे पंखे बंद करायला लावले होते, दारं ओढून घ्यायला लावली होती. वारा पंखांखाली शिरला की विमान जागच्या जागी हलकं होतं, आणि ती हलकेपणाची थाप काटा इमानाने दाखवतो. मग कॉकपिटमध्ये हात घालून त्यांनी राहिलेल्या वस्तू बाहेर काढल्या होत्या: बोल्ट आवळायचे दोन पाने, एक कंगवा, अर्धी पेन्सिल, कुणाचातरी चष्मा. चष्म्याचा मालक अजून सापडला नव्हता, आणि अशा माणसाने काय काय जोडलं असेल या विचाराने तोळे अधूनमधून अस्वस्थ होत.

प्रकल्प-प्रमुख त्यांच्या खोलीत येऊन बसलेलेच होते. प्रमुख आणि तोळे कॉलेजात एका खोलीत राहिलेले. तेव्हापासून प्रमुख बोलत आणि तोळे ऐकत, आणि दोघांची त्यात छान सोय होती. प्रमुखांच्या हातात उद्याच्या बैठकीचा कागद होता. घ्यायचं की करायचं हे ठरवण्यासाठी नेमलेली समिती उद्या सकाळी अकराला येणार होती, आणि प्रत्येक विभागाने आपापला आकडा सही करून द्यायचा होता.

"हे बघ तोळ्या," प्रमुख म्हणाले, "मी गोलगोल बोलत नाही. गुरुवारचा कागद माझ्याकडे आलेला नाही. तो आला नाही तोवर तो नाही. रीतसर पाहिलं तर ते पहिलं विमान आहे, नमुना आहे. नमुन्याचं वजन म्हणजे काय विमानाचं वजन? गरोदर बाईला काट्यावर उभं करून बाळाचं वजन काढतो का आपण? पुढच्या विमानात ते उतरेलच. तेव्हा मंजुरीतला आकडा लिहायचा, साडेसहा हजार, आणि खाली सही. खोटं नाहीये ते. ते आपलं उद्दिष्ट आहे."

तोळ्यांनी कापूस दाबून धरला.

"हां, मला माहीत होतं तुला पटेल. कारण दुसरी बाजू बघ. तू सहा हजार नऊशे सदतीस म्हणालास, तर समोर ते लोक चकचकीत पुस्तिका उघडून सहा हजार आठशे दाखवणार. संपलं. उद्या संध्याकाळी ह्या इमारतीला टाळं. तीनशे माणसं आहेत बाहेर. त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. तू तरी कुठे जाणार? भाजीबाजारात तराजू धरून बसणार?"

तोळ्यांच्या घशातून एक आवाज निघाला. तो नकाराचा होता, पण बधिर गालातून बाहेर येईपर्यंत त्याचं हुंकारात रूपांतर झालं.

"तुझी हीच गोष्ट मला आवडते," प्रमुख उठत म्हणाले आणि त्यांनी तोळ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाद नाही, फाटे नाहीत. उद्या अकराला." आणि ते गेले. इतक्या वर्षांच्या मैत्रीत प्रमुखांचं असं कितीतरी वेळा पटलं होतं, आणि त्यांतल्या कितीदा आपल्या तोंडात कापूस नव्हता, याचा तोळ्यांनी मनाशी हिशेब केला. तो बराच निघाला. मग त्यांनी कागदातली दाढ काढून लहान काट्यावर ठेवली. दोन पूर्णांक सदतीस शतांश ग्रॅम. शेपटीशी वाकडा. त्यांना बरं वाटलं.

घरी भाची आली होती. बहीण गेल्यापासून ती सुटीला मामाकडेच यायची. लढाऊ विमान चालवायची, आणि जावयाच्या चाचण्या घेणाऱ्या वैमानिकांत तिची नेमणूक झाली होती. जेवणाच्या टेबलाशी पाय दुमडून बसून ती मामीला जावयाचं कौतुक सांगत होती, आणि तोळ्यांची बायको ते खऱ्या जावयाचं असावं असं लक्ष देऊन ऐकत होती.

"अहो, ऐकलंत का? ही म्हणते, त्यात बसलं की आपण बसलोय असं वाटतच नाही."

"मामा, तू रागावणार," भाची म्हणाली, "पण मी उद्या सांगणार आहे की तेच घ्या. तुझा बाब्या छान आहे, मान्य. पण केव्हा येणार तो? मी शाळेत होते तेव्हाही तो पुढच्या वर्षी येणार होता. आमच्याकडची विमानं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहेत. एक लाल दिवा आहे, तो पेटलेलाच असतो. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात की ह्या दिव्याकडे बघायचं नाही. मागच्या महिन्यात माझ्या जोडीदाराने विमानातून उडी मारली, पाठीचा मणका गेला, अजून प्लॅस्टरमध्ये आहे. त्याला विचार जाऊन, स्वदेशी हवं की परदेशी. तो म्हणेल, चालणारं हवं."

भूल उतरायला लागली होती आणि तिच्या जागी ठणका येत होता. दोन तास कधीच उलटून गेले होते, म्हणजे आता बोलता येत होतं, पण तोळ्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. ते तिच्या हातांकडे बघत होते. ती बोलताना टेबलावर एक तळहात विमानासारखा धरायची, तिला बोलता येऊ लागलं तेव्हापासून. पाच वर्षांची असताना तिला त्यांनी कारखान्याच्या काट्यावर उभं केलं होतं: अठरा किलो साडेतीनशे ग्रॅम, उतरायला तयार नव्हती, काट्यावर उड्या मारत होती, आकडे नाचत होते आणि ती ओरडत होती की मामा, मी बदलतेय. त्यांनी विचारलं, "समज, विमान चारशे सदतीस किलो जास्त भरलं. तुला सांगितलेल्यापेक्षा. तर काय करतात?"

"काय करणार? तेवढं इंधन कमी भरतात. आणि इंजिन तेच, धावपट्टी तीच."

"तेवढं इंधन म्हणजे किती?"

तिने तळहात टेबलावर टेकवला. "बारा मिनिटं. तेरा असतील." मग हसली. "जायची नव्हेत हां. ती आधीच खर्च झालेली असतात. यायची."

"आणि सांगितलंच नाही जास्त आहे म्हणून, तर?"

आता ती हसली नाही. "म्हणजे पुस्तिकेवर भरवसा ठेवून निघायचं आणि वाटेत कळायचं? मामा, हे तू का विचारतोयस?"

"दाढ काढलीय," बायको म्हणाली, "त्यांना त्रास देऊ नकोस," आणि तिने मऊ भात त्यांच्यापुढे सरकवला. तोळे उजव्या बाजूने जेवले. यायची बारा मिनिटं. ती डोक्यात नव्हे, ठणकणाऱ्या खड्ड्यात जाऊन बसली होती आणि जीभ सारखी तिथे जात होती. त्यांना एक चमत्कारिक गोष्ट जाणवली की भीती वाटायला हवी तिथे ती सापडत नाहीये. टाळं लागेल. प्रमुख आयुष्यभर तोंड बघणार नाहीत. तीनशे माणसं म्हणतील, घरभेदी. हे सगळं त्यांनी एकेक करून मनाच्या काट्यावर ठेवून पाहिलं. प्रत्येकाचं वजन होतं, ते त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं, आणि पारडं जागचं हललं नाही. फक्त दुसरा एक आकडा त्यांना छळत होता, आणि तो आपला नव्हता, त्यांचा होता. सहा हजार आठशे. त्याच्याही शेपटीला दोन शून्यं. कुठल्या जिन्यात, कुणी, हातात काय धरून तो सांगितला असेल? आणि तिथल्या एखाद्या तोळ्याची दाढ दुखत असेल का?

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि भिंतीलगत खुर्च्या. टेबलाशी बसणारे बोलतात आणि भिंतीलगतचे विचारलं तर सांगतात, अशी रीत होती. तोळे भिंतीला होते. टेबलाच्या टोकाला अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश, ज्यांना विमानातलं काही कळत नाही हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं आणि त्यामुळे सगळे त्यांना घाबरले होते. एका बाजूला प्रमुख. दुसऱ्या बाजूला परदेशी कंपनीचा प्रतिनिधी, जो इथली भाषा वर्गात बसून शिकला होता आणि पाठ्यपुस्तकासारखी निर्दोष बोलत असे. त्याच्यामागे गणवेशात भाची. वेग झाला, उंची झाली, पल्ला झाला. चौथी ओळ आली.

"वजन विभाग," अध्यक्षबाई म्हणाल्या. "साडेसहा हजार लिहिलंय. सही नाहीये."

प्रमुख मागे वळून प्रेमाने हसले. तोळे उभे राहिले. गालावरची सूज अजून होती, आणि त्यांना उगीचच वाटलं की तिचं वजन नोंदवायचं राहिलं.

"तो आकडा मोजलेला नाही," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांपूर्वी जिन्यात एका तरुण माणसाने तो सांगितला. त्याच्या हातात चहा होता. तो माणूस मीच. मोजलेला आकडा सहा हजार नऊशे सदतीस आहे. हा त्याचा कागद. चारशे सदतीस किलो जास्त."

खोलीत कुणीतरी पेन खाली ठेवलं. तोळ्यांनी प्रमुखांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बसावं लागलं असतं.

"मला अतीव खेद होतो," प्रतिनिधी म्हणाला, आणि त्याला खरोखरच झालेला दिसला. "आमचे विमान सहा हजार आठशे किलोग्रॅमचे आहे."

"म्हणजे यांचं एकशे सदतीसने हलकं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्ही आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात."

"बाई, ते विमान सहा हजार आठशेचं नाही. ते किती आहे हे मला माहीत नाही. ह्यांनाही माहीत नसावं. आमचा काट्यावरचा आकडा आणि ह्यांचा पुस्तिकेतला, अशी तुलना केली तर मी खरं बोललो त्याचा काही उपयोग नाही. दोन्ही एकाच काट्यावर चढवा. आमचं ज्यांवर चढलं ते काटे हँगरमध्येच आहेत, एका सकाळचं काम आहे."

"काट्यावर?" टेबलाशी बसलेले एक गृहस्थ म्हणाले. "अहो, पाहुणे आहेत ते. आपल्याकडे विश्वासाने आलेत. जावयाला काय काट्यावर चढवायचं?"

"मुलगी द्यायच्या आधी चढवलेला बरा," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. "तुम्ही चालवता ना हे?" त्यांनी भाचीला विचारलं. "तुम्हाला कुठलं हवंय?"

"हेच," भाची उभी राहून म्हणाली. मग तिची नजर मामाच्या सुजलेल्या गालावर गेली आणि तिथे जरा थांबली. "पण वजन करा. मी त्यात बसून परत यायचं आहे. छापील आकड्यावर येता येत नाही."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, लावला. त्या म्हणाल्या की ह्या मुलीच्या तुकडीला विमानं आज हवीत, तेव्हा अठरा बाहेरून घ्यायची शिफारस त्या करणारच. त्याबद्दल कुणी त्यांच्याशी घसा फोडू नये. प्रश्न पुढच्या शंभर विमानांचा आहे, इथल्या कामाला टाळं लावायचं की नाही याचा. काट्यावर दोघांतला फरक शंभर किलोंच्या आत असेल तर आणखी अठरा महिने मुदत. शंभराच्या वर गेला तर टाळं. मग त्यांनी तोळ्यांना, टिपण घेणाऱ्याला थांबण्याची खूण करून, विचारलं, "तुमचं स्वतःचं मत काय? घ्यावीत बाहेरून?"

तोळ्यांना मत विचारण्याची ही पहिलीच वेळ होती आणि ते तयार असल्याचं पाहून त्यांनाच नवल वाटलं. "घ्यावीत. मोजून घ्यावीत. पण आमचं बंद करू नका. ज्याने एक विमान स्वतः जोडलंय, त्यालाच दुसऱ्याच्या विमानात काय बघायचं ते कळतं. इथे टाळं लागलं तर पुढच्या खेपेला पुस्तिका वाचता येणारे पुष्कळ असतील. काट्यावर चढवा म्हणणारा कुणी नसेल."

त्यानंतरचे चार दिवस कारखान्यात तोळ्यांशी कुणी बोललं नाही. चहाची मेजं ते बसले की रिकामी होत. कुणीतरी त्यांच्या दारावर खडूने सदतीस लिहून ठेवलं. तोळ्यांनी ते पुसलं नाही, आकडा बरोबर होता. प्रमुख समोरून आले तर जिन्यात वळत. तोळे काटे तपासत होते. प्रमाण वजनं चढवायची, उतरवायची, पुन्हा चढवायची. हात तेच करत होते जे एकोणीस वर्षं करत आले होते, आणि मनात अधूनमधून तो जिना येत होता. पण आता त्यातला तरुण माणूस थांबून, कप कठड्यावर ठेवून म्हणायचा, साहेब, माहीत नाही. किती सोपं वाक्य. चहासुद्धा सांडला नसता. एकशे एक किलो भरले तर? भरले तर एकशे एक लिहायचं. ह्यापलीकडे त्यांना निश्चय नावाची काही वेगळी चीज सापडली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी दहाला जावयाच्या टाक्या रिकाम्या करून त्याला गालिच्यावरून ओढत आणलं. दोर काढले. अध्यक्षबाई खुर्चीत, प्रतिनिधी उभा, भाची उभी, लांब दाराशी प्रमुख, आणि त्यांच्यामागे, काम नसताना आलेली, बरीच माणसं. तोळ्यांनी शिडी चढून कॉकपिटमध्ये हात फिरवला. एक पातळ हातमोजा आणि गोळीचा चकचकीत कागद निघाला. दोन्ही त्यांनी प्रतिनिधीच्या हातात दिलं. मग दारं ओढून घेतली. पंखे बंद झाले; घाम मानेवरून उतरत होता, कुणीतरी खोकायचं दाबलं. पुढचं चाक. डावं. उजवं. विमान समतळ करून तोळ्यांनी तिन्ही काटे वाचले, भाचीला वाचायला लावले, प्रतिनिधीला वाचायला लावले. क्रम बदलून तिघांनी पुन्हा वाचले. मग त्यांनी पेन्सिलने बेरीज केली, खालून वर आणि वरून खाली.

"सहा हजार आठशे एक्क्याण्णव," ते म्हणाले.

अध्यक्षबाईंनी बोटांवर वजाबाकी केली. "सेहेचाळीस," त्या म्हणाल्या. "शंभराच्या आत." त्यांनी कागदावर सही केली, पर्स उचलली आणि दाराकडे निघाल्या, वाटेत भाचीला म्हणाल्या, "तुमच्या अठराचा करार ह्या आकड्यावर होईल, त्या पुस्तिकेवर नाही." दाराशी कुणी ओरडलं नाही, टाळ्या वाजल्या नाहीत. आपलं विमान अजूनही जड होतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. प्रतिनिधी बराच वेळ कागदाकडे पाहत उभा राहिला. मग जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मला याची एक प्रत मिळू शकेल काय? ही माहिती आमच्या कार्यालयात उपलब्ध नाही." तोळ्यांनी प्रत करून दिली.

हँगर रिकामं होत गेलं. पंखे अजून बंदच होते. प्रमुख दारापासून सावकाश चालत आले आणि काट्याच्या कडेला, हातभर अंतर ठेवून, उभे राहिले. चेहरा पाच दिवस न झोपलेल्या माणसाचा होता.

"सेहेचाळीस," ते म्हणाले.

"सेहेचाळीस."

"अठरा महिन्यांत शोधायला हवेत. कुठे आहेत ते, तुला काही कल्पना आहे?"

"आहे."

"केव्हापासून?"

"सुरुवातीपासून," तोळे म्हणाले. "कुणी विचारलं नाही."

प्रमुखांनी तोंड उघडलं, आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, काही न बोलता मिटलं. त्यांनी खिसे चाचपून पेन काढलं, कागद सापडेना म्हणून समितीच्या टिपणाची पाठ उलटी केली, आणि काट्याच्या गार पत्र्यावर मांडी घालून बसत म्हणाले, "सांग."

"आधी उठ," तोळे म्हणाले. "काट्यावर बसलायस."